खिशातला चाकू : पारख आणि धार



शिवारफेरीला गेलो किंवा गावात शेतकऱ्यांची बैठक भरली की मी एक प्रश्न हमखास विचारतो, "चाकू कुणाकुणाच्या खिशात आहे?" भराभर हात वर होतात. मग मी वर्तमानपत्राचा एक कागद पुढे करतो आणि म्हणतो, "हा एका हाताने लोंबता धरा आणि दुसऱ्या हाताने कापून दाखवा." आता हात हळूहळू खाली येतात. कुणाचा चाकू कागद फाडतो, कुणाचा नुसताच चुरगळतो, तर कुणाचा गंजून उघडतच नाही.

म्हणजे चाकू बहुतेकांकडे आहे, धार मात्र थोड्यांकडे आहे. फाळ बोथटला तर आपण लोहाराकडे धाव घेतो. ऊसतोडीचा कोयता रोज पाजवला जातो, त्यासाठी कुणी सांगावे लागत नाही. पण खिशातल्या चाकूकडे आपण सुतळी कापण्यापुरतेच पाहतो. खरे तर शेतात सर्वांत नाजूक काम हाच चाकू करतो. कलम बांधणे, डोळा भरणे, कपाशीचे हिरवे बोंड उभे चिरून आत गुलाबी अळी आहे का ते पाहणे, ठिबकची नळी नीट आडवी कापणे, रोगट फांदीचा नमुना काढणे, ही सारी कामे त्याचीच. म्हणून आज या चाकूबद्दल चार गोष्टी सांगतो. तो कसा निवडावा, घरच्या घरी धार कशी लावावी आणि ती कशी टिकवावी, एवढाच विषय आहे.

बोथट चाकू महाग कसा पडतो?

झाडाची साल आणि लाकूड यांच्यामध्ये एक अगदी पातळ, ओलसर, हिरवट थर असतो. खोड जाड होते ते याच थरामुळे आणि कलम जुळते तेही याच थरामुळे. खुंटाचा हा थर आणि कलमकाडीचा हा थर एकमेकांना नीट टेकले, मध्ये पोकळी राहिली नाही आणि काप सुकला नाही, तर कलम जीव धरते.

आता कोकणातले आंब्याचे कोय कलम घ्या. तांबूस पानांचे कोवळे रोप वरून कापायचे, त्याला मधोमध चीर द्यायची आणि कलमकाडीच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तासून केलेली ४ ते ५ सें.मी. लांबीची पाचर त्या चिरेत बसवायची. चाकूला धार असेल तर पाचरीची प्रत्येक बाजू एका ओढीत सपाट निघते. धार नसेल तर तीच बाजू तीन-चार वेळा तासावी लागते. मग पाचर मध्ये फुगीर आणि कडेला खोल होते, सालीच्या कडा चेंगरतात, ठेचलेला भाग काळा पडतो आणि पावसाळी हवेत तिथे बुरशी धरते. वरून पट्टी कितीही घट्ट बांधली तरी आतली पोकळी भरून निघत नाही.

वरूड-शेंदूरजनाघाट भागातील रोपवाटिकांत जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात. तिथे चीर फक्त सालीपुरती जायला हवी, लाकडात नको. बोथट चाकूवर जोर द्यावा लागतो आणि जोर दिला की तो किती खोल जाईल हे हाताच्या ताब्यात राहत नाही. डोळा काढतानाही तेच होते. डोळ्यामागची साल फाटली की तो डोळा फुकट गेला.

कलमे मरतात तेव्हा आपण खुंटाला, हवेला, कधी कलम बांधणाऱ्याच्या हाताला दोष देतो. ही कारणेही असतात. पण धरून चला, शंभर कलमांपैकी दहा केवळ वाईट कापामुळे गेली, तर दहा खुंट वाढवण्याची वर्षभराची मेहनत, माती, पिशवी आणि पाणी सारेच गेले. त्यासमोर दहा मिनिटांची धार काहीच नव्हे.

हाताचेही तसेच आहे. धारेच्या चाकूची भीती वाटते, पण पुष्कळ जखमा बोथट चाकूने होतात. बोथट चाकू फांदीत अडकतो, आपण जोर करतो, तो एकदम निसटतो आणि समोरच्या अंगठ्यावर येतो. शिवाय ती जखम वेडीवाकडी असते आणि भरायला वेळ घेते.

चाकू निवडताना

दुकानात गेल्यावर मुठीचा रंग आणि पात्यावरची चकाकी बाजूला ठेवा. पुढील गोष्टी पाहा.

पोलाद : चाकूची पाती मुख्यतः दोन प्रकारची असतात. साध्या कार्बन पोलादाचे पाते लवकर गंजते, कैरी किंवा लिंबू कापले तर काळे पडते, पण दगडावर सहज धार घेते. स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम निदान साडेदहा टक्के असते, त्यामुळे ते सहसा गंजत नाही. मात्र त्यातल्या चांगल्या कठीण पात्याला धार चढवायला थोडा जास्त वेळ लागतो. रोज पुसून तेल लावण्याची सवय असेल तर साधे पोलाद घ्या. कोकणातली दमट हवा असेल किंवा चाकू घामाच्या खिशात दिवसभर राहणार असेल तर चांगले स्टेनलेस घ्या. काहीजण लोहचुंबक लावून पोलाद ओळखायला जातात. त्याचा उपयोग नाही. चाकूसाठी वापरतात त्या स्टेनलेसलाही लोहचुंबक चिकटतो.

कठीणपणा : पात्याला पाणी नीट दिले आहे की नाही हे पाहायचे असेल तर मुठीजवळच्या कडेवर बारीक कानस हलकेच ओढा. कानस घसरली तर पाते कठीण आहे. कानस सहज रुतली, कीस निघाला, तर पाते मऊ आहे आणि त्याची धार संध्याकाळपर्यंतही टिकणार नाही. दुकानदार हे करू देणार नाही, पण गावच्या लोहाराकडून चाकू करून घेत असाल तर अवश्य करून पाहा.

सांधा : चाकू उघडून पाते डावी-उजवीकडे हलवून पाहा. ते खिळीत डुगडुगता कामा नये. मिटताना ते अधांतरी पडू नये, शेवटी स्प्रिंगने ओढल्यासारखे आत बसावे. उघडल्यावर पाते पक्के अडकवणारी कळ असेल तर फारच चांगले, कारण काम करताना पाते मिटले तर ते थेट बोटांवर येते.

मूठ : मूठ तळहातात भरली पाहिजे. अगदी गुळगुळीत मूठ घामाने आणि चिकाने निसटते. लाकडी मूठ हाताला चांगली, पण ती पाण्यात भिजत ठेवू नये.

लांबी : रानातल्या कामाला ७ ते ९ सें.मी. लांबीचे पाते पुरते. त्याहून मोठे पाते खिशात अडचण करते आणि बारीक कामात ताब्यात राहत नाही.

आता कामाप्रमाणे प्रकार पाहू. कलमासाठी सरळ धारेचा चाकू हवा. यातल्या पुष्कळशा चाकूंना एकाच बाजूने उतार दिलेला असतो आणि दुसरी बाजू सपाट असते, त्यामुळे काप सपाट निघतो. डोळे भरायच्या चाकूला साल उचलण्यासाठी एक बोथट जिभळी असते. ती हाडाची, प्लास्टिकची किंवा पितळेची असते. ती नसेल तर लोक पात्याच्या टोकानेच साल उचकटतात आणि आतला ओला थर खरवडला जातो. छाटणीच्या चाकूचे पाते आत वळलेले, आकडीसारखे असते. या तिन्ही कामांना एकच चाकू वापरण्याचा हट्ट धरू नये. निदान कलमाचा चाकू वेगळा ठेवा आणि त्याने सुतळीसुद्धा कापू नका.

पैसे मोजके असतील तर मधल्या किमतीचा चाकू आणि एक चांगला दगड घ्या. महागडा चाकू घेऊन दगड न घेण्यात अर्थ नाही.

दगड कसला?

विहिरीच्या काठावर किंवा हौदाच्या कडेला विळे घासून घासून खोलगट झालेला दगड बहुतेक गावांत दिसतो. विळ्याला तो चालतो, चाकूला चालत नाही. खोलगट दगडावर पात्याचा कोन जागोजाग बदलतो आणि धार गोल होते. चाकूला सपाट दगड लागतो.

हार्डवेअरच्या दुकानात कृत्रिम कुरुंदाचा किंवा कार्बोरंडमचा दुहेरी दगड मिळतो. त्याची एक बाजू भरड, दुसरी बारीक असते. सुमारे ८ इंच लांब, २ इंच रुंद आणि १ इंच जाडीचा दगड घरात असला की चाकूच काय, विळी, विळा, सुरी सगळ्यांचे काम होते. लहान, बोटाएवढा दगड घेऊ नका, त्यावर हात स्थिर राहत नाही.

दगडावर पाणी किंवा पातळ तेल घालतात. त्यामुळे निघालेला कीस दगडाच्या छिद्रांत बसत नाही, वर तरंगतो आणि पुसता येतो. दोहोंपैकी एक ठरवून घ्या. एकदा तेल मुरलेल्या दगडात पाणी शिरत नाही. घरच्या कामाला पाणीच सोयीचे. दगड मध्ये खोलगट होऊ लागला तर सपाट फरशीवर बारीक वाळू आणि पाणी टाकून त्यावर तो गोल-गोल घासा, पुन्हा सपाट होईल.

धार लावण्याची रीत

१) आधी पाहणी करा. धार वर करून चाकू उजेडात धरा. बोथट जागी पांढरी चमकती रेघ किंवा ठिपके दिसतात. खऱ्या धारेवर उजेड टेकत नाही, तिथे काही दिसत नाही. चमक कुठे आहे ते लक्षात ठेवा.

२) दगड ओल्या गोणपाटावर ठेवा, म्हणजे तो सरकणार नाही. भरड बाजू वर असू द्या. त्यावर पाणी घाला.

३) कोन धरा. सगळी कला इथेच आहे. रानातल्या सर्वसाधारण कामाला प्रत्येक बाजूने सुमारे २० अंशांचा कोन ठीक. तो मोजायचा कसा? पात्याची रुंदी २ सें.मी. असेल तर पाते दगडावर आडवे टेकवून पाठ ७ मि.मी. उचला, झाला २० अंश. नाजूक कामाला ५ मि.मी. उचला, तो १५ अंश होतो. दुसरी युक्ती कागदाची. कागदाचा चौकोनी कोपरा नेमका मधोमध दुमडला की ४५ अंश आणि पुन्हा दुमडला की साडेबावीस अंश होतात. ती घडी दगडाशेजारी ठेवून हाताला सवय लावा. कोन एखाद-दोन अंशांनी कमी-जास्त झाला तर बिघडत नाही. दर ओढीला तो बदलला तर मात्र बिघडते.

४) धार पुढे ठेवून, दगडावरून पातळ सालपट काढत आहोत अशा रीतीने पाते ओढा. मुठीजवळून सुरुवात करा आणि दगड संपेपर्यंत टोकाशी या. टोकाकडे पाते वळते तिथे मूठ किंचित उचला. जोर बेताचा ठेवा. एकाच बाजूने दहा-बारा ओढी घ्या.

५) आता दुसऱ्या बाजूने अंगठा पाठीकडून धारेकडे, आडवा, हलकेच फिरवून पाहा. धारेच्या लांबीवरून बोट कधीही फिरवू नये. धारेवर अगदी बारीक उलटलेली कड बोटाला खरखरीत लागली पाहिजे. ती मुठीपासून टोकापर्यंत सगळीकडे लागली म्हणजे त्या बाजूचे काम झाले. नसेल तर आणखी ओढी घ्या. पुष्कळ लोक इथेच घाई करतात. उलटी कड येण्याआधी बाजू बदलली तर तासभर घासूनही धार येत नाही.

६) दुसऱ्या बाजूने तितकेच करा. उलटी कड आता पहिल्या बाजूला येईल.

७) दगड उलटून बारीक बाजू घ्या. पुन्हा दोन्ही बाजू करा, पण जोर निम्मा ठेवा. शेवटच्या आठ-दहा ओढी एकदा ही बाजू, एकदा ती बाजू अशा आलटून-पालटून आणि केवळ चाकूच्या वजनाने घ्या.

८) शेवटी चामड्याचा जुना कमरपट्टा फळीवर ठोकून त्याच्या खरखरीत बाजूवर पाते फिरवा. इथे दिशा उलटी. पाठ पुढे आणि धार मागे. न्हावी वस्तरा फिरवतो तसे. प्रत्येक बाजूला पंधरा-वीस वेळा पुरे. उरलीसुरली उलटी कड यानेच जाते.

एका बाजूने उतार असलेल्या कलमचाकूला वेगळा नियम आहे. दगडावर फक्त उताराची बाजू घासा. सपाट बाजू दगडावर पूर्ण आडवी टेकवून एक-दोनदाच ओढा, तीही केवळ उलटी कड काढण्यासाठी. सपाट बाजूलाही उतार दिलात तर त्या चाकूचा सपाट काप गेला.

परीक्षा अंगठ्यावर किंवा हातावरच्या केसांवर करू नका. लोंबत्या वर्तमानपत्रावर चाकू टेकवून ओढा. तो न अडखळता खाली गेला की धार झाली. जिथे अडखळेल तिथे अजून काम बाकी आहे. मग पेरूची किंवा कडुनिंबाची पेन्सिलएवढी काडी तिरपी कापून पाहा. काप एका ओढीत, गुळगुळीत आणि साल न सुटता निघाला पाहिजे.

पहिल्यांदा अर्धा तास लागेल. एकदा कोन बसला की पुढे केवळ बारीक बाजू आणि पट्टा यांवर पाच-दहा मिनिटांत धार परत येते. म्हणून चाकू पुरता बोथट होण्याची वाट पाहू नका.

धारेचे शत्रू

पहिला शत्रू उष्णता. यात्रेत, बाजारात फिरत्या चाकावर धार लावून मिळते. ठिणग्या उडतात आणि काम दोन मिनिटांत होते. पण पातळ पाते चाकावर पटकन तापते. पोलादावर निळा रंग चढला की ते सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत गेले असे समजा. तेवढ्यात कडेचे पाणी उतरते, म्हणजे ती मऊ पडते. मग दर आठवड्याला चाकाकडे जावे लागते आणि पाते झिजून संपते. चाकावर लावायचीच असेल तर कारागिराला सांगा, दर ओढीनंतर पाण्यात बुडव. निर्जंतुक करण्यासाठी चाकू ज्योतीवर धरण्याची सवयही याच कारणाने वाईट.

दुसरा शत्रू नको ते काम. चाकूने डबा उचकटणे, स्क्रू फिरवणे, मुळी खणणे, तारेची साल काढणे ही कामे चाकूची नव्हेत. पात्याचे टोक मोडते किंवा सांधा ढिला होतो.

तिसरा शत्रू चीक आणि ओल. आंब्याचा चीक, डाळिंबाचा व कैरीचा रस साध्या पोलादाला खातो. काम संपताच चाकू धुऊन, कोरडा पुसून तेलाचा हात फिरवा. सांध्यात एक थेंब यंत्राचे तेल सोडा. ज्या चाकूने फळे कापता त्याला खोबरेल पुरे. वाळलेला चीक स्पिरिटच्या बोळ्याने निघतो, तो नखाने किंवा दगडाने खरवडू नये.

चाकूबरोबर रोगही फिरतो

धार उत्तम असली तरी पाते स्वच्छ नसेल तर उपयोग नाही. डाळिंबावरील तेल्या रोगाचे जीवाणू छाटणीच्या हत्याराबरोबर एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. बटाट्याचे बेणे कापताना मर रोगाचा जीवाणू सुरीवरून पसरतो. उसात खोडवा खुरटण्याचा रोग बेणे तोडणाऱ्या कोयत्यावाटे फैलावतो. लिंबूवर्गीय झाडांत तर विषाणूहूनही सूक्ष्म असे काही रोगकारक आहेत, ते चाकूवरून जातात आणि स्पिरिटने मरत नाहीत. तिथे सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण लागते.

म्हणून दोन चाकू ठेवावेत. एक द्रावणात, एक हातात. रोगट झाड शेवटी हाताळावे. द्रावण किती तीव्रतेचे करायचे ते त्या पिकासाठी कृषी विद्यापीठाने केलेल्या शिफारशीप्रमाणे ठरवा. मात्र लक्षात ठेवा, हे द्रावण पोलादाला गंजवते. काम आटोपल्यावर चाकू साध्या पाण्याने धुऊन, पुसून, तेल लावूनच मिटा.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. कीटकनाशकाची पुडी कापलेल्या चाकूने दुपारी कांदा किंवा पेरू कापू नका. पाते धोतराला किंवा पँटला पुसले म्हणजे विष गेले असे होत नाही. औषधाच्या पेटीत एक जुनी कात्री बांधूनच ठेवा आणि चाकू त्या कामापासून कायमचा दूर ठेवा.

थोडे सावधपणाविषयी

कापताना चाकूच्या वाटेत दुसरा हात असू नये. चाकू दुसऱ्याला देताना मिटून द्यावा. उघडा चाकू घेऊन झाडावर चढू नये. लहान मुलांच्या हाती तो लागू देऊ नये, पण मुलगा किंवा मुलगी जाणत्या वयाची झाली की शेजारी बसवून वापर शिकवावा, लपवून ठेवून शहाणपण येत नाही. कापलेच तर स्वच्छ पाण्याने धुऊन स्वच्छ फडक्याने दाबून धरा, हात वर ठेवा. माती किंवा तंबाखू भरू नका. जखम खोल असेल किंवा मातीत काम करताना झाली असेल तर दवाखान्यात जाऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा.

कायद्याचेही भान असावे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारे शस्त्रांच्या यादीत धरली आहेत. शेतीसाठी आणि घरकामासाठी बनवलेली अवजारे त्यातून वगळली आहेत. आपला कलमाचा चाकू त्या मापाच्या जवळपासही जात नाही. तरीही बटण दाबताच उघडणारा खटक्याचा चाकू घेऊ नका. त्याने शेतीचे काम होत नाही आणि यात्रेत किंवा बाजारात विनाकारण संशय येतो.

खंडेनवमीला आपण घरातली सारी हत्यारे काढून धुतो, पुसतो, त्यांना हळदकुंकू वाहतो. त्या दिवशी आधी धार लावा आणि मग पूजा करा. आणि धारेसाठी वर्षभर खंडेनवमीची वाटही पाहू नका. येत्या अमावस्येला औत बंद असेल तेव्हा दुपारी तासभर काढा. दगड ओल्या गोणपाटावर ठेवा, घरातला चाकू, विळी, सुरी सगळे बाहेर काढा आणि एक वर्तमानपत्र जवळ ठेवा. कागद सरळ कापला गेला की चाकू पट्ट्यावर फिरवून, तेल लावून खिशात टाका. पुढच्या बैठकीत मी तो कागद पुन्हा पुढे करणार आहे.